नऊ फूट कमी

रतिलाल शेठच्या चार मजली इमारतीची वास्तुशांत १९५२च्या दसऱ्याला झाली आणि त्यानंतर महिनाभर गिरधर मिस्त्रीला सकाळचा चहा घरी प्यायची सवडच मिळाली नाही. घरातून निघाला की पहिल्याच दुकानातून हाक यायची, "मिस्तरी, या, बसा की!" तिथला कप संपतो न संपतो तोच समोरच्या दुकानातून दुसरी हाक. बाजाराला आलेली असोद्याची, ममुराबादची माणसं नवीपेठेच्या तोंडाशी बैलगाड्या थांबवत, एका हातानं टोपी धरत आणि मान मागे टाकून वर बघत राहत. गिरण्यांची धुराडी सोडली तर त्या पेठेत इतकं उंच काही नव्हतं. कुणी खिडक्या मोजी, कुणी म्हणे, "वरच्या माणसाले चक्कर येत नसन का?" गिरधर शेजारच्या पानाच्या गादीजवळ उभा राहून हे सगळं ऐके आणि आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करी.

तो मूळचा नशिराबादचा. बाप विटा थापायचा, आई त्या वाहायची. दोघांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या भिंतींना विटा पुरवल्या आणि स्वतः मात्र मातीच्या घरात राहिली. गिरधरनं थापी हातात घेतली ती बारा-तेरा वर्षांचा असताना, आणि चाळिशीला येईपर्यंत पूर्व खानदेशात त्याच्या हाताला तोड उरली नव्हती. विहिरी, कापसाची गोदामं, डाळीची एक मिल, दोन धर्मशाळा, सगळं त्याच्या हातचं. भिंतीच्या कडेला डोळा लावला की सूतभर वाकही त्याला खड्यासारखा टोचायचा. मग ओळंबा सोडून बघितला तर वाक तेवढाच निघायचा.

ही चार मजली इमारत म्हणजे त्याच्या जन्माचं काम होतं. चुना घाणीतून स्वतः उभं राहून मळून घेतलेला, खालच्या भिंती अडीच फुटी, वर जाता जाता दीड फुटावर आलेल्या, सागाच्या तुळया. पाया खणताना ईशान्येच्या कोपऱ्यात मुरूम लागता लागेना. काळी माती संपतच नव्हती. सात फुटांवर त्यानं खणणं थांबवलं, दगड आणि चुना ठासून भरला आणि मनाशी म्हणाला, चार मजल्यांना हे बास. ते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. चार मजल्यांना ते बास होतंही.

त्याच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांत एकच असा होता की ज्याचं काम बघताना गिरधर गप्प राहायचा. तो म्हणजे पितांबर. पारोळ्याकडचा, विशीचा असताना मजूर म्हणून आला आणि पाच वर्षांत कारागीर झाला. माणूस अबोल, कामाला वाघ. गिरधरनं त्याला कमानीची बांधणी शिकवली, जिन्याचा हिशेब शिकवला आणि शेवटी आपली बायको मंदाबाई हिची धाकटी बहीण कुंदाबाई त्याला देऊन साडूही करून घेतला. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी पितांबर तापीवरच्या एका पुलाच्या कामावर गेला, तिथे सिमेंट आणि लोखंडी सळईचं काम शिकला आणि मग धुळ्यात बिऱ्हाड केलं. "माझ्याच हातचा पोरगा," गिरधर चारचौघांत सांगायचा, "मीच धरून शिकवला त्याला."

हे सांगणं बंद झालं ते १९५५च्या वैशाखात.

पारोळ्याला मंदाबाईच्या चुलतभावाचं लग्न होतं. मांडवात पंगत बसली होती आणि गिरधरच्या पलीकडे बसलेला एक धुळ्याचा पाहुणा जेवता जेवता सगळ्यांना सांगत होता, "आमच्या जीवराम शेठची इमारत बघितली का कुणी? पाच मजली! आग्रा रोडनं येताना लळिंगचा घाट उतरला की लांबून दिसते. आणि मिस्त्री कोण, तर आपल्याच मांडवातला. ते काय, पितांबर, पाणी वाढतोय."

सगळ्या माना पितांबरकडे वळल्या. पितांबर हातातला तांब्या सांभाळत कसनुसा हसला. पाहुणा गिरधरकडे वळला, "तुमचीही आहे म्हणतात एक, जळगावला. किती मजली?"

"चार," गिरधर म्हणाला.

"म्हणजे एकानं कमी," पाहुणा म्हणाला आणि त्यानं बुंदी मागून घेतली. त्याच्या मनात काही नव्हतं. जे होतं ते त्यानं मोजून सांगितलं होतं. पण गिरधरच्या हातातला घास तसाच राहिला. तेवढ्यात पितांबर तांब्या घेऊन त्याच्यापाशी आला, वाकला आणि म्हणाला, "मिस्तरी, पाणी?" गिरधरनं भरलेल्या भांड्यावर हात आडवा धरला.

 जळगावात बातमी यायला वेळ लागला नाही. धुळ्याची मोटार रोज यायची आणि तिच्यातून उतरणारा प्रत्येकजण जणू तीच खबर घेऊन उतरायचा. न्हाव्याच्या दुकानात वाद झडू लागले. पूर्व खानदेशाचं नाक वर की पश्चिम खानदेशाचं, अशी मोठी मोठी माणसं हमरीतुमरीवर येऊ लागली. जळगावची बाजू घेणारे म्हणत, आपली दगडविटांची आहे, शंभर वर्षं हलणार नाही. धुळ्याची बाजू घेणारे म्हणत, त्यांची नवीन रीतीची आहे, खांबांवर उभी, आत बघा कसा उजेड! गिरधर पहिल्या बाजूला भर घालायचा. "सिमेंटला खानदेशचं ऊन सोसत नाही," तो सांगायचा. "चार उन्हाळे जाऊ द्या, पापडासारखं तडतडेल." सांगताना त्याला स्वतःचाच आवाज आवडायचा नाही, पण तोंड थांबायचं नाही.

मंदाबाईच्या ते पहिल्या दिवसापासून लक्षात आलं होतं. एकदा जेवताना तिनं बहिणीचं पत्र आल्याचं सांगितलं आणि नवऱ्याचं ताट तसंच राहिलेलं पाहून म्हणाली, "कुंदाना नवरानं नाव निंघनं का तुमना घास अडकस. काय शे हाई?"

"काही नाही. भाजीत मीठ जास्त झालंय."

"मीठ बराबर शे," मंदाबाई म्हणाली.

हिवाळ्यात मात्र त्याला राहवेना. चुन्याचा दगड बघायला जातो असं सांगून तो धुळ्याच्या मोटारीत बसला. खिशात ओळंबा होता आणि हातभर अंतरानं गाठी मारलेली लांब दोरी होती. एरंडोल गेलं, पारोळं गेलं, आणि वाटभर तो एकाच गोष्टीची इच्छा करत होता. एखादा तडा दिसावा. फार नको, जिन्याच्या कडेला, गिलाव्यात, केसाएवढा.

धुळ्यात उतरून तो सरळ इमारतीपाशी गेला. ती बघितली आणि त्याला आधी वाटलं की उन्हात डोळे दिपलेत. भिंती कशा पातळ! आणि तरी पाच मजले एकावर एक असे उभे, की त्यांना ओझं म्हणून काही ठाऊकच नसावं. त्याच्या इमारतीकडे पाहिलं की जमिनीत रोवलेल्या बैलाची आठवण यायची. ही बगळ्यासारखी उभी होती. तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला, तेवढ्यात पितांबरनंच त्याला ओळखलं. तो तिथेच खाली एका दुकानाची फरशी बसवत होता.

"मिस्तरी!" पितांबर सिमेंटच्या हातांनीच धावत आला. "कळवलं असतं तर मोटारीवर आलो असतो. चला, वर चला."

पितांबरनं त्याला मजला मजला दाखवला. प्रत्येक खांबापाशी थांबून आत किती सळया आहेत ते सांगितलं, जिन्यापाशी म्हणाला, "हा तुम्ही शिकवलेलाच हिशेब." गिरधरला ते शब्द आदराचे ऐकू आलेच नाहीत. त्याला वाटलं, हा डिवचतोय. तुझाच हिशेब घेऊन तुझ्यावर चढलो, असं सांगतोय.

गच्चीवरून सगळं धुळं पायाशी दिसत होतं. सरळ सरळ गल्ल्या, पलीकडे पांझरेचं पात्र, लांब लळिंगचा किल्ला. खालून कुणीतरी पितांबरला हाक मारली आणि तो "आलोच" म्हणून गेला. गिरधरनं चटकन कोपऱ्यात जाऊन ओळंबा सोडला. कठड्यापासून तळापर्यंत भिंत आणि दोरी यांतलं अंतर एकसारखं होतं. त्यानं दुसरा कोपरा बघितला. तिसराही बघितला. सूतभर फरक नव्हता. मग त्यानं गाठींची दोरी सोडली आणि वर ओढताना गाठी मोजल्या. त्याची इमारत बावन्न फूट होती. ही एकसष्ट. वर पाण्याची टाकी होती, ती त्यानं मोजली नाही. टाकी म्हणजे काही इमारत नव्हे.

"दाजी, दोरी कसाले?"

मागे कुंदाबाई उभी होती, नवऱ्याचा डबा हातात घेऊन. गिरधरनं दोरी मुठीत गोळा केली. "कपडे वाळत घालायला चांगली जागा आहे," तो म्हणाला. कुंदाबाईनं एकदा दोरीकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे, आणि हसू दाबून म्हणाली, "आते घर चला. भरीत करेल शे."

जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती, भरीत होतं, वर कांद्याची पात. असं भरीत त्यानं कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं आणि तेही त्याला गोड लागेना. निघताना पितांबर म्हणाला, "मिस्तरी, काही उणं दिसलं असेल तर सांगा."

"जिन्याच्या खिडक्या लहान आहेत," गिरधर म्हणाला. खिडक्या लहान नव्हत्या.

परतीच्या वाटेवर तो एकच आकडा मनात घोळवत होता. नऊ फूट. एवढीच तर गोष्ट होती. नऊ फूट म्हणजे एक मजला, आणि त्यावर एक घुमटी चढवली तर धुळं खाली.

रतिलाल शेठला पटवायला फार कष्ट पडले नाहीत. शेठ कापसाचे व्यापारी, महिन्यातून दोनदा धुळ्याच्या बाजारात जाणारे. जीवराम शेठनं त्यांना आपल्या गच्चीवर नेऊन चहा पाजला होता आणि तो चहा त्यांना अजून पचला नव्हता. गिरधरनं पाचव्या मजल्याचं नाव काढताच ते गादीवरून पुढे सरकले. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "मिस्तरी, पाया धरेल ना?"

गिरधरच्या डोळ्यांपुढे ईशान्येचा कोपरा आला. काळी माती, सात फुटांवर थांबवलेलं खणणं. तेवढ्यात मांडवातल्या पाहुण्याचा आवाजही आला.

"धरेल," तो म्हणाला.

१९५७च्या फाल्गुनात काम सुरू झालं. पेठेत पुन्हा माना वर होऊ लागल्या, पुन्हा चहाच्या हाका येऊ लागल्या. विटा वर चढत होत्या आणि त्यांच्याबरोबर गिरधरचा जीव हलका होत होता. त्यानं धुळ्याला मुद्दाम निरोप धाडला, की पाडव्यानंतर सवड काढून या, बघण्यासारखं काम चाललंय.

भिंती छातीएवढ्या झाल्या तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या सुनंदाबाईंनी त्याला बोलावलं. सुनंदाबाई विधवा होत्या आणि ईशान्येच्या कोपऱ्यातल्या खोलीत मुलींना शिवण शिकवायच्या. वीस-बावीस मुली, सहा यंत्रं. त्यांनी दार ओढून दाखवलं. दार चौकटीत अडत होतं.

"लाकूड फुगलं असेल," गिरधर म्हणाला. "सुतार पाठवतो."

सुतारानं दार तासून दिलं. आठ दिवसांनी ते पुन्हा अडलं. या वेळी सुनंदाबाई स्वतःच बांबूच्या परांचीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याला वरून खाली बोलावलं. "मिस्तरी, मी काही तुमच्या धंद्यातली नाही," त्या म्हणाल्या. "पण हा चैत्र आहे. चैत्रात लाकूड आटतं. फुगत नाही. मग माझं दार का अडतंय?"

 गिरधर त्यांच्याबरोबर वर गेला. मुली मान खाली घालून काजं करत होत्या. दाराच्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून एक तडा निघून तिरपा छताकडे गेला होता. केसाएवढा. अगदी तसाच, जसा त्यानं धुळ्याच्या वाटेवर मागितला होता.

त्यानं तो चुन्यानं भरला. सुनंदाबाईंना म्हणाला, "गिलावा आहे, वाळताना फाटतो." पण जाता जाता काचेची एक पातळ पट्टी तड्यावर आडवी चिकटवली. भिंत जागची असेल तर काच राहील. भिंत हलत असेल तर काच तुटेल. हे त्यानं पितांबरला शिकवलं होतं.

त्या दिवशी वर काम चालूच राहिलं. त्यानं थांबवलं नाही. मनाशी म्हणत होता, आणखी सहा थर, मग छत, मग घुमटी, आणि नंतर कोपऱ्याला खालून काहीतरी आधार देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मुली यायच्या आधी तो खोलीत गेला. काच मधोमध तुटलेली होती. दोन तुकड्यांमध्ये इतकी फट होती की नख जाईल.

तो तिथेच जमिनीवर बसला. जिन्यावर मुलींच्या चपलांचा आवाज येऊ लागला. पहिली मुलगी आत आली, तिनं यंत्रावरचं फडकं काढलं आणि त्याला बघून म्हणाली, "मिस्तरीबाबा, तुमची तब्येत बरी नाही का?" तेव्हा गिरधर उठला. "पोरी, आज शिकवणी नाही," तो म्हणाला. "बाईंना सांग, यंत्रं खाली न्यायची आहेत. माझी माणसं पाठवतो."

तासाभरात ती खोली, तिच्या वरची आणि खालच्या दोन्ही रिकाम्या झाल्या. मग तो रतिलाल शेठच्या गादीवर गेला आणि उभ्यानंच म्हणाला, "शेठ, पाचवा मजला उतरवतोय. कोपरा खचतोय."

शेठ गादीवरून अर्धे उठले. "तुम्ही मला धरेल म्हणाला होतात!"

"खोटं बोललो."

"पण का?"

 "धुळ्यापायी," गिरधर म्हणाला.

शेठ त्याच्यावर ओरडणार होते, पण त्यांना जीवराम शेठच्या गच्चीवरचा तो चहा आठवला. गादीवर बसलेल्या दोघा-तिघांनी खाली बघितलं. शेठ हळू आवाजात म्हणाले, "उतरवा. आजच. आणि यापुढे माझ्या कामावर येऊ नका."

उतरवण्याचं काम बांधण्यापेक्षा अवघड. वीट वीट सोडवायची, कोपऱ्यावर भार येऊ न देता समोरून खाली आणायची. गिरधर स्वतः भिंतीवर बसून छिन्नी मारत होता. खाली माणसं जमली होती. चहाच्या हाका नव्हत्या. उन्हानं विटा इतक्या तापलेल्या की हाताला फडकं गुंडाळावं लागत होतं. दोन दिवस तो जेवायला घरी गेला नाही. मंदाबाई डबा घेऊन आली, तिनं तड्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं आणि स्टँडवर जाऊन धुळ्याला जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ बहिणीसाठी निरोप दिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पितांबर परांचीवर चढून आला. गिरधरनं त्याला बघितलं आणि त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "कुणी बोलावलं तुला?"

"मंदाअक्कांनी."

"आला का मग बघायला? बघ. पोटभर बघ."

 पितांबरनं सदरा काढून बाजूला ठेवला, छिन्नी-हातोडा घेतला आणि दुसऱ्या टोकाला बसला. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांकडे पाठ करून विटा सोडवत राहिले. उरलेल्या भिंती आणखी दोन दिवसांत उतरल्या. पण भार कमी झाला तरी कोपरा सुटला नव्हता. पितांबर पायापाशी खड्डा करून आत उतरला, बराच वेळ मातीत चाचपत राहिला आणि वर येऊन म्हणाला, "मिस्तरी, पायाखाली थोडं थोडं खणून सिमेंट भरावं लागेल. एकदम खणलं तर बसेल सगळं. हातभर खणायचं, भरायचं, सुकू द्यायचं, मग पुढचा हात."

गिरधरला हे काम येत नव्हतं. ते त्याला पितांबरकडून शिकावं लागलं. सिमेंट, वाळू, खडी किती, पाणी किती, पितांबर सांगेल तसं त्यानं कालवलं. शेठनं त्याला कामावर येऊ नका म्हटलं होतं, पण खड्ड्यातल्या माणसाकडे कुणी बघत नव्हतं, आणि पितांबरनं शेठला सांगितलं होतं की मिस्तरी नसतील तर मीही नाही. हे ऐकून गिरधर विरघळायला हवा होता. तो आणखीच जळला. पेठेत माणसं उघड म्हणू लागली होती, "जळगावची इमारत धुळ्याच्या मिस्त्रीनं उभी ठेवली."

शेवटचा हात भरून झाला त्या दिवशी दोघं खड्ड्याच्या कडेला बसले होते. पितांबरनं हात धुतले, पंच्यानं पुसले आणि खाली बघतच बोलायला लागला.

"मिस्तरी, एक सांगतो. जीवराम शेठला चारच मजले हवे होते. पाचवा मी त्यांच्या गळी उतरवला."

गिरधरनं मान वळवली.

"त्याआधी मी जळगावला तीनदा येऊन गेलो. घरी आलो नाही. कुंदाला बैल बघायला जातो म्हणून सांगितलं. तुमच्या जिन्याची पायरी न् पायरी मोजली मी. गच्चीवरून दोरी सोडली."

"कशाला?"

"तुम्ही सगळीकडे सांगायचे ना, मी धरून शिकवला म्हणून. धुळ्यात मी एखादी भिंत बांधली की बघणारे म्हणायचे, गिरधर मिस्त्रीचा हात दिसतोय. चार वर्षं ऐकलं. माझा हात कुणाला दिसतच नव्हता. मला तुमच्यापेक्षा उंच बांधायचं होतं. बस, एवढंच."

गिरधर ऐकत होता आणि त्याच्या अंगात काहीतरी सैल होत गेलं. राग यायला हवा होता, किंवा माया तरी. आला तो आनंद, आणि तोही चांगल्या माणसाला शोभेलसा नव्हे. हा माझ्यावर जळत होता! चार वर्षं! माझ्या पायऱ्या मोजत होता! इतक्या महिन्यांत इतकं गोड काही त्याच्या कानावर पडलं नव्हतं. मग त्याला त्या आनंदाची लाज वाटली आणि ती लपवायला तो म्हणाला, "तुझ्या जिन्याच्या खिडक्या लहान नाहीत. मी उगाच म्हणालो."

"माहीत आहे," पितांबर म्हणाला. "मी घरी जाऊन मापून बघितल्या."

आणि दोघंही हसले. थोडंसंच, एकमेकांकडे न बघता.

सुनंदाबाईंचा वर्ग पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा त्याच खोलीत सुरू झाला. गिरधरनं दार आणि चौकट दोन्ही नवी बसवून दिली. सुनंदाबाईंनी दार दोनदा लावून, उघडून बघितलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे."  रतिलाल शेठनं त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही. पेठेतल्या बाकीच्या व्यापाऱ्यांनीही नाही. गिरधर नशिराबादला आणि आसपासच्या गावांत विहिरी बांधू लागला, केळीच्या बागांना पाण्याचे पाट, कुठे एखादं देऊळ. हात तोच होता, पण आता तो कामाच्या आधी मालकाला सगळं सांगायचा. माती कशी आहे, कुठे धरेल, कुठे नाही. एका शेतकऱ्याला तर त्यानं विहीर इथे खणूच नका म्हणून सांगितलं आणि हातचं काम घालवलं.

जळणं मात्र गेलं नाही. पितांबरचं नाव निघालं की आतून एक चटका अजूनही बसायचा, फक्त आता तो ओळखीचा झाला होता. चटका बसला की तो मंदाबाईला सांगायचा, "बघ, लागला." आणि मंदाबाई म्हणायची, "लागू द्या. भाकर खा."

१९६०च्या उन्हाळ्यात कुंदाबाईचं पत्र आलं. मंदाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून शेजारच्या लताबाईंनी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं. पितांबरला धुळ्यात एका नाटकगृहाचं काम मिळालं होतं. मोठं छत, मध्ये खांब नाही. विटांच्या कमानींचं काम बरंच होतं आणि आजकाल तसा हात धुळ्यात कुणाचा नाही, मिस्तरींना विचारायचं म्हणून ते महिनाभर घोळ घालताहेत, पण धीर होत नाही, असं कुंदाबाईनं लिहिलं होतं.

लताबाई गेल्या. गिरधर अंगणात इकडून तिकडे दोन-तीन फेऱ्या मारून आला.

"मध्ये खांब नाही म्हणे," तो म्हणाला. "एवढं छत बिनखांबाचं! याला काय समजतं त्यातलं?"

"मंग ऱ्हाऊ द्या," मंदाबाई म्हणाली. "लिखी टाकसू, जमाव नही म्हणीसन."

"लिहू नको काही."

तो आत गेला आणि बराच वेळ खुडबुड करत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती आणि अंगात धुतलेला सदरा होता.  मंदाबाई चुलीपाशी जाऊन वाटेसाठी भाकरी थापायला लागली.

"कमानींचं काम मी बघेन," गिरधर दारातून म्हणाला. "छताचं त्याचं तो बघेल. आणि दुपारच्या मोटारीच्या ड्रायव्हरजवळ त्याला निरोप धाड, संध्याकाळच्या मोटारीवर यावं. या वेळी मी कळवून येतोय."